सासूबाईंच्या कुंड्या आणि दिवसातून तीनदा पाणी

नाशिकच्या इंदिरानगरमधून एका ५२ वर्षांच्या ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. औषधपाणी, अंघोळ, भरवणं, कूस बदलणं, सगळं या ताईंनीच केलं. मार्गशीर्षात सासूबाई गेल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या पश्चिमेकडच्या गॅलरीत त्यांनी हौसेनं लावलेल्या २२ कुंड्या आहेत: तुळस, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, अनंत, शेवंती, गवती चहा. त्यातल्या नऊ वाळल्या आहेत. तुळसही गेली, याचा ताईंनी धसका घेतला आहे. यजमान म्हणाले, ‘वसंत आलाय, चार नवीन झाडं आण, मन रमेल.’ महापालिकेचा पुष्पोत्सव पाहून आल्यावर ताईंनी गंगापूर रोडच्या नर्सरीतून पिटुनिया, पॅन्झी, डायँथस आणि एक नेचा आणला. सकाळी, दुपारी, रात्री न चुकता पाणी घातलं, तरी तीन आठवड्यांत सगळ्यांनी माना टाकल्या. पहाटे चारला जाग येते, पुन्हा झोप लागत नाही, दुपारी काही करावंसं वाटत नाही, हे त्यांनी पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलं आहे. पहिला सण म्हणून पाडव्याला पुण्याहून नणंदबाई येणार आहेत. ‘आईची झाडं सांभाळ’ असं त्या बजावून गेल्या होत्या. ताई विचारतात: त्या येण्याआधी सगळ्या कुंड्या देऊन मोकळी होऊ, की तशीच झाडं आणून जागा भरून काढू? माझ्या हाताला गुणच नाही का? दिंडोरीला माहेरी तीन वर्षांत राहायला गेलेली नाही, आता झाडांमुळेही निघवत नाही.

ताई, नमस्कार.

तुमच्या हाताला गुण नाही, हे मला पत्रात कुठेच दिसलं नाही. दिसलं ते वेगळंच. सकाळ, दुपार, रात्र. ही झाडांच्या पाण्याची वेळ नाही, ही औषधाच्या गोळ्यांची वेळ आहे. तीन वर्षं तुम्ही घड्याळाकडे बघून एका माणसाला जगवलंत. ते माणूस गेलं, पण हाताची सवय तशीच राहिली आणि ती आता कुंड्यांवर आली. माणसाला दर काही तासांनी काहीतरी लागतं. झाडाला मात्र दोन पाण्यांच्या मध्ये मातीत हवा लागते. माती सतत चिंब राहिली की मुळांना श्वास घेता येत नाही, ती कुजतात, आणि कुजलेल्या मुळांचं झाड वर पाणी चढवू शकत नाही म्हणून मान टाकतं. दिसायला ते अगदी तहानलेल्या झाडासारखं दिसतं. मग आपण आणखी पाणी घालतो. काळजी घेणाऱ्याच्या हातून झाडं जातात ती बहुतेक अशीच.

आता नर्सरीतून आणलेली झाडं. पिटुनिया, पॅन्झी, डायँथस हे हिवाळी हंगामी फुलोरे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावायचे, फेब्रुवारीपर्यंत फुलं बघायची. पुष्पोत्सवाच्या सुमारास ते ऐन भरात असतात म्हणून डोळ्यांत भरतात, पण तेव्हा त्यांचं आयुष्य संपत आलेलं असतं. तुम्ही त्यांच्या शेवटच्या महिन्यात त्यांना घरी आणलंत. नेच्याला सावली आणि दमट हवा हवी, त्याला पश्चिमेच्या गॅलरीत फाल्गुनातला कोरडा वारा मिळाला. पाण्याचा भाग सोडला तर यातलं एकही झाड तुमच्या चुकीनं गेलेलं नाही. चूक एवढीच झाली की ‘वसंत म्हणजे नवी लागवड’ हे कुणीतरी गृहीत धरलं. थंड मुलखात ते खरं असेल. आपल्याकडे वसंत म्हणजे उन्हाळ्याचा उंबरठा. निम्मा मार्च सरला की नाशिकची दुपार ३५ अंशांच्या पुढे जाते आणि एप्रिलमध्ये चाळिशीला टेकते. या दिवसांत बागेत करायचं काम म्हणजे छाटणं, वाचवणं आणि सावली करणं. नवीन झाडांची खरेदी पाऊस पडेपर्यंत थांबू द्या.

आधी वाळलेल्या नऊ कुंड्या बघू. त्या खरंच गेल्या आहेत का, हे अजून कुणी तपासलेलं नाही. एक फांदी घ्या आणि टोकापासून दोन इंच खाली अंगठ्याच्या नखानं साल हलकेच खरवडा. आत तपकिरी, कोरडं काडीसारखं दिसलं तर आणखी दोन इंच खाली या. असं करत बुंध्याकडे सरका. जिथे सालीखाली ओलसर पोपटी हिरवा रंग दिसेल, तिथून खालचं झाड जिवंत आहे. त्या हिरव्या भागातला सगळ्यात वरचा डोळा, म्हणजे कोंब फुटतो ती गाठ, शोधा आणि तिच्या पाव इंच वर धारदार कात्रीनं तिरका काप द्या. कात्री आधी स्पिरिटनं पुसून घ्या. कढीपत्ता हमखास फसवतो. नाशिकच्या थंडीत तो पिवळा पडून पानं टाकतो, नुसता दांडा उरतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच दांड्याला लालसर कोंब येतात. कितीतरी घरांत तो ऐन फुटायच्या बेतात असताना उपटून टाकला जातो. मोगरा, अनंत, गवती चहा मातीपर्यंत वाळलेले दिसले तरी बुडातून फुटू शकतात. त्यांना चैत्र संपेपर्यंत मुदत द्या. शेवंतीची फुलं झालेली दांडी वाळणारच. ती मुळापासून दोन इंचांवर कापा. बाजूला जे बारीक कोंब आले असतील, तेच पुढच्या हिवाळ्याची शेवंती. ती कुंडी सावलीत ठेवा, बास.

एवढं कापताना हात थरथरेल, हे मी समजू शकते. पण तुम्ही दिंडोरीच्या आहात. काढणी झाली की बागेला विश्रांती देऊन एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी होते, तेव्हा ओलांड्यांवर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांवर, नुसती खुंटं राहतात. त्यांच्यावर फुटलेल्या काड्यांमध्येच पुढच्या हंगामाचे घड तयार होतात. बाग उघडीबोडकी झाली म्हणून तुमच्या माहेरी कुणी डोळ्यांत पाणी आणत नाही.

तुळशीबद्दल सविस्तर लिहिते, कारण तुमचा जीव तिथे अडकला आहे. ‘घरातलं माणूस गेलं आणि तुळस वाळली’ हे शब्द तुम्ही दोनदा लिहिले आहेत. कुंडीतल्या तुळशीचं आयुष्य साधारण दोन-तीन वर्षं. तिच्या मंजिऱ्या खुडल्या नाहीत तर ती बी धरण्यात सगळी ताकद घालवते आणि लवकर लाकडासारखी होते. त्यात थंडीच्या रात्री तिची पानं काळवंडतात, गळतात. सासूबाई आजारी पडल्यापासून मंजिऱ्या खुडायला त्या गॅलरीत येऊ शकत नव्हत्या आणि तुम्हाला उसंत नव्हती. तुळस वाळण्याचं कारण एवढंच आहे. त्यात कसलाही संकेत नाही.

पण तुम्ही वाळलेल्या मंजिऱ्यांबद्दलही लिहिलं आहे, आणि ते वाचून मला आनंद झाला. त्यात बी आहे. पूर्ण तपकिरी झालेल्या मंजिऱ्या कागदावर धरून तळव्यांत चोळा. मोहरीपेक्षा कितीतरी बारीक, काळपट दाणे खाली पडतील. फुंकर मारून भुसा उडवा. एका पसरट कुंडीत चाळलेली माती, बारीक कंपोस्ट आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समसमान भरा, आधी पाणी घालून निथळू द्या आणि मग बी वरून भुरभुरा. त्यावर फक्त बी झाकेल एवढीच माती. जास्त खोल गेलं तर उगवत नाही. झारीनं पाणी घालू नका, स्प्रेनं वरचा थर ओलसर ठेवा. आपल्याकडच्या या उबेत आठ ते पंधरा दिवसांत रोपं वर येतात. खऱ्या पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की एकेक रोप चार इंची कुंडीत हलवा, संध्याकाळी, आणि आठवडाभर दुपारच्या उन्हापासून लांब ठेवा. ही सासूबाईंच्याच तुळशीची लेक असेल. जुनं खोड कचऱ्यात टाकवत नसेल तर बारीक तुकडे करून एखाद्या मोठ्या कुंडीच्या मातीवर पसरा. गोदावरीत सोडू नका.

उरलेल्या तेरा कुंड्यांचं पाणी आजपासून बदला. नियम एकच: आधी बोट, मग पाणी. तर्जनी दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर त्या कुंडीला आज पाणी नाही, तुमचा जीव कितीही तुटला तरी नाही. कोरडं लागलं तर सकाळी आठच्या आत खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत सावकाश घाला. बारा इंची कुंडीला साधारण दोन लिटर लागतं, सहा इंचीला तीन-चारशे मिली. घोटभर पाणी रोज घालण्यापेक्षा हे बरं, कारण वरवरच्या पाण्यानं मुळं वरच राहतात आणि एप्रिलच्या उन्हात भाजतात. दुपारी पानं लोंबली तर लगेच धावू नका. संध्याकाळी सातला पुन्हा बघा. सावरलेली असतील तर तो फक्त उन्हाचा ताण होता.

पाणी घातल्याबरोबर कुंडीच्या कडेनं खाली निघून जात असेल, तर आतला मातीचा गोळा कोरडा ठणठणीत आहे असं समजा. नर्सरीच्या तांबड्या मातीत हे नेहमी होतं. ती कुंडी पाण्याच्या बादलीत काठापर्यंत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, मग निथळायला काढा. उलट माती दिवसेंदिवस ओली असेल आणि आंबूस वास येत असेल तर झाड बाहेर काढून मुळं बघा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी असतं आणि चिमटीत धरलं की त्याची साल सुटून हातात येते. असं मूळ कापून टाका, वरची फांदीही एक तृतीयांश कमी करा आणि नव्या मातीत लावून सावलीत ठेवा. या मातीचं माप: चार भाग माती, तीन भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, दोन भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू, आणि बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. नुसती काळी माती कुंडीत नको, ती भिजली की चिकट होते आणि वाळली की भेगाळते. कोकोपीट दोनदा धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी बऱ्याच घरांत पाणी वाचवायचं म्हणून झाडांना जातं. त्यातले क्षार कुंडीत साठत जातात आणि काठावर पांढरी पुटं धरतात. ते पाणी फरशी पुसायला वापरा.

पश्चिमेची गॅलरी म्हणजे दुपारी एकपासून मावळेपर्यंत ऊन, आणि तापलेली भिंत रात्रीही धग सोडत राहते. हिरवी ५० टक्क्यांची शेडनेट, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी जाळी, मीटरवर मिळते. ती कठड्याच्या बाहेरच्या बाजूनं बांधा. झाडांना टेकू देऊ नका, मधून वारा खेळला पाहिजे. कुंड्या फरशीवरून उचलून विटांवर ठेवा. मातीवर दोन इंच पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्या पसरा, फक्त बुंध्याभोवती दोन बोटं जागा मोकळी सोडा. खालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नका, डासांची अंडी तिथेच होतात.

जास्वंदीवर ‘कापसासारखं पांढरं’ लिहिलंत, तो पिठ्या ढेकूण. ऊन वाढलं की तो वाढतोच. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा. मग एक लिटर कोमट पाण्यात पाच मिली निमतेल आणि दोन मिली भांड्यांचा पातळ साबण नीट घुसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. दर सहा दिवसांनी, तीन वेळा. दुपारी फवारलंत तर पानं करपतील. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तीही हटवा, मुंग्या या किडीचा गोड चिकटा खातात आणि तिला राखतात. मोगऱ्याची फक्त टोकं चार-चार इंच खुडा आणि दोन मुठी शेणखत द्या. सव्वा-दीड महिन्यात कळ्या धरायला हव्यात.

नवीन काही लावावंसं वाटलंच तर चिनी गुलाब. शेजारणीकडून तीन-तीन इंचांचे तुकडे मागून आणा आणि मातीत खोचा. आठ-दहा दिवसांत मुळं धरतात, आणि पश्चिमेचं ऊन त्यांना मानवतं.

आता तुमच्या झोपेबद्दल. हे तुम्ही शेवटच्या दोन ओळींत लिहिलंत, पण पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट मला तीच वाटते. सासूबाई जाऊन तीन महिने होत आलेत. दुःख हा आजार नव्हे, त्याला मुदत घालून देता येत नाही. तुमच्या बाबतीत तर दुःखाबरोबर एक सुटकेची भावनाही असेल, आणि तिची लाज वाटत असेल. दीर्घ आजारातल्या माणसाची शुश्रूषा केलेल्या जवळजवळ प्रत्येकाला ती वाटते. त्यानं तुमची माया कमी ठरत नाही. पण पहाटे चारला उठून पुन्हा झोप न लागणं आणि कशातच रस न वाटणं, हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं की डॉक्टरांना दाखवायचं असतं. बाग हा त्यावरचा इलाज नव्हे. तुमच्या यजमानांनी मायेनंच सांगितलं, पण ‘झाडं लाव म्हणजे बरं वाटेल’ या सल्ल्यात एक धोका असतो. झाड मेलं की माणूस म्हणतो, मला हेही जमलं नाही.

आधी नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे जा. नुसतं ‘थकवा येतो’ म्हणू नका, नाहीतर टॉनिक घेऊन परत याल. पहिल्या दोन वाक्यांतच सांगा: तीन वर्षं आजारपण काढलं, सासूबाई गेल्या, आणि आता झोप व उमेद दोन्ही नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी १२ आणि साखर तपासून घ्या. या वयात पाळी जाण्याच्या काळातले बदलही झोप मोडतात, तेही विचारा. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांचं नाव दिलं तर संकोच नको. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. घराबाहेर पडायच्या आधी नुसतं कुणाशी तरी बोलायचं असेल तर केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून सुरू आहे. फोन मोफत आहे, रात्रीबेरात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. आणि कधी ‘आपण नसलो तर बरं’ असं मनात आलं, तर त्याच दिवशी यजमानांना सांगा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हे वाचणाऱ्या इतरांनाही तेच सांगणं आहे.

मग झाडांचा उपयोग काय? आहे, पण बेताचा. सकाळी सात ते आठच्या मधली पंधरा मिनिटं गॅलरीत काढा. तुमच्या गॅलरीत तेव्हा ऊन नसेल, पण उघड्यावरचा उजेड खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि सकाळचा उजेड झोपेची घडी बसवायला मदत करतो. मन लागण्याची वाट बघू नका, उमेद खचलेली असताना ती कामाच्या मागून येते. रोज एकच काम ठरवा: आज सात कुंड्यांत बोट घालून बघायचं, उद्या एक जास्वंद धुवायची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर फक्त काय केलं ते लिहा. पंधरा मिनिटं झाली की काम अर्धवट असलं तरी आत या. आणि दुपारच्या, रात्रीच्या पाण्याच्या वेळी दुसरं काहीतरी ठेवा: दुपारी बहिणीला फोन, रात्री जेवणानंतर यजमानांबरोबर कॉलनीत एक फेरी.

राहिल्या नणंदबाई. हुबेहूब झाडं आणून जागा भरण्याचा विचार सोडून द्या. एक तर या उन्हात ती पुन्हा जातील. दुसरं म्हणजे, तुम्ही तीन वर्षं काही लपवण्यासारखं वागला नाहीत, आता कशाला सुरुवात करायची? सगळ्या कुंड्या देऊन टाकणं हा मार्ग चुकीचा नाही. ज्याला खरंच नको असेल त्यानं जरूर द्याव्यात, झाडं म्हणजे वारसाहक्कानं आलेली शिक्षा नव्हे. पण तुमच्या पत्रात ‘नको’ कुठेच नाही, फक्त भीती आहे. म्हणून मी म्हणेन, सहा-सात ठेवा. नखानं तपासल्यावर जी जिवंत निघतील त्यातली तुमच्या आवडीची निवडा, सासूबाईंच्या आवडीची नव्हे. बाकीची ज्याला हवी त्याला द्या.

आणि नणंदबाई येण्याआधी फोन करून सांगा: ‘वन्सं, आईंची काही झाडं गेली, तुळसही गेली. मला वाईट वाटतंय. मी बी धरून ठेवलंय, तुम्हालाही देते. गवती चहाचा एक गड्डा आणि जास्वंदीची फांदी तुमच्याकडे न्या.’ गवती चहाचा गड्डा मुळांसकट दोन भागांत कापला की दोन्ही लागतात. आईची झाडं सांभाळायला त्यांनाही दोन हात आहेत. त्या रागावल्या तर रागावतील. त्यांची तर आईच गेलीय, तो राग तुमच्या नावचा असेलच असं नाही.

दिंडोरीला एप्रिलमध्ये पाच दिवस जा. निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या कुंड्या गॅलरीतून आत, खिडकीजवळ पण थेट उन्हाबाहेर, एकमेकींना चिकटून ठेवा आणि भरपूर पाणी घालून निथळू द्या. मधोमध स्टुलावर पाण्यानं भरलेली बादली ठेवा, तिचा तळ कुंड्यांच्या काठापेक्षा वर हवा. जाड सुती दोरी आधी भिजवून एक टोक बादलीच्या तळाशी दगड बांधून सोडा, दुसरं कुंडीच्या मातीत तीन इंच खोल खोचा. दोरी मध्ये लोंबकळू देऊ नका, नाहीतर पाणी तिथेच ठिबकतं. दोरी सुतीच घ्या, नायलॉनची नीट पाणी ओढेलच असं नाही. हे सगळं निघायच्या दोन दिवस आधी एकदा लावून बघा, म्हणजे बादली किती उतरते ते कळेल. यजमान घरी राहणार असतील तर त्यांना एवढंच सांगून जा की बोट घातल्याशिवाय पाणी घालायचं नाही.